कूलर काढून ठेवले अन् बाबांच्या कानात रातकिडे सुरू झाले: हा नेमका कोणता टिनिटस?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांसाठी आहे. वय ६३, नोकरीभर टर्बाइन हॉलमध्ये काम, आता निवृत्त. ऑक्टोबरात कूलर काढून ठेवले तेव्हापासून रात्री दोन्ही कानांत बारीक, एकसारखी शिट्टी. दिवसा फारसं जाणवत नाही. चक्कर नाही, कान वाहत नाही, दुखत नाही. बीपीसाठी ॲम्लोडिपिन ५ आणि सोबत ॲस्पिरिन ७५ रोज चालू आहे.

ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, झाली (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी). उजवा कान: २५० हर्ट्झला १५, ५०० ला १५, १००० ला २०, २००० ला २५, ४००० ला ६०, ६००० ला ५५, ८००० ला ४० डेसिबल. डावा जवळपास तसाच, फक्त ४००० ला ६५. हाडावाटे घेतलेली रेघ हवेच्या रेघेला चिकटूनच आहे. टिम्पॅनोग्राम, म्हणजे कानाच्या पडद्याच्या हालचालीची चाचणी, दोन्हीकडे ए टाइप.

विचारायचं असं की हा टिनिटसचा, म्हणजे कान वाजण्याचा, कोणता प्रकार, एमआरआय काढावा का, ॲस्पिरिनचा संबंध आहे का, आणि शेजारचे लसणाचं तेल टाका म्हणतात ते टाकावं का?

---

कानसेन

ऑडिओग्राम आकड्यांसकट दिलात हे फार बरं केलं. नाहीतर इथे लोक "कान वाजतो, गोळी सांगा" एवढंच लिहितात.

४००० ला खड्डा आणि ८००० ला रेघ पुन्हा वर, ही गोंगाटाने झालेल्या नुकसानीची खूण. नुसतं वय असतं तर रेघ ८००० पर्यंत उतरतच गेली असती. डाव्या कानातला ५ डेसिबलचा फरक मनावर घेऊ नका, चाचणीची पायरीच ५ ची असते. हवा आणि हाड यांच्या रेघांत अंतर नाही आणि टिम्पॅनोग्राम ए, म्हणजे पडदा आणि मधल्या कानाच्या हाडांचं काम ठीक आहे. दोष आतल्या कानात, कॉक्लियातल्या केसपेशींत.

या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. त्या पट्ट्यातून मेंदूकडे जाणारा संदेश कमी पडतो, मेंदू तिथली संवेदनशीलता वाढवतो आणि मग त्याला स्वतःचीच खरखर ऐकू येते. म्हणून शिट्टीची पट्टी बहुधा तिथेच सापडते जिथे ऐकणं गेलेलं असतं. पिच मॅचिंग, म्हणजे शिट्टी कोणत्या सुराशी जुळते ती चाचणी, करून घ्या, बाबांचं उत्तर ३००० ते ६००० च्या मध्ये आलं तर नवल नाही.

ऑक्टोबरात आजार सुरू झाला असं धरू नका. शिट्टी आधीही असणार, उन्हाळाभर रात्रीचा कूलर ती झाकत होता. कूलर गेला, खोली शांत झाली, कान मोकळा झाला. नागपुरात दिवाळीच्या आसपास अशा तक्रारी घेऊन येणारे कमी नाहीत. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी ऐकणं चांगलं असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर त्यातल्या सुमारे ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं. शांतता हीच इथे अडचण आहे.

प्रकार म्हणाल तर: व्यक्तिनिष्ठ, म्हणजे फक्त त्यांनाच ऐकू येणारा, एका सुराचा, दोन्हीकडचा, ठोक्याशी न जुळणारा. सर्वांत जास्त आढळणारा हाच.

---

धंतोली_ओपीडी

वरच्या उत्तराशी सहमत. एमआरआयचं सांगतो. दोन्ही कानांत सारखा आवाज, सारखी श्रवणहानी, ठोक्याचा संबंध नाही, चेहरा, चालणं, बोलणं यात काही फरक नाही: अशा वेळी एमआरआय काढत नाहीत. आवाज एकाच कानात असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात स्पष्ट फरक असेल तर मात्र काढायचाच, तोही आतल्या कानाच्या नळीचा, गॅडोलिनियमचं कॉन्ट्रास्ट इंजेक्शन देऊन. श्रवणाच्या नसेवरची गाठ बघायची असते. ती सापडते कमी, पण हळूहळू वाढते आणि लवकर कळली तर हातात पर्याय जास्त राहतात.

आवाजाचं वर्णन ऐकून कुठे वळायचं ते मी असं ठरवतो.

शिट्टी, रातकिडे, "सूंऽऽ": आतला कान, बहुधा वय किंवा गोंगाट.

खोल घरघर, त्यासोबत कानाला दडा, ऐकणं कमी-जास्त होणं, आणि २० मिनिटांपासून १२ तासांपर्यंत टिकणारी गरगर: मेनिअर, म्हणजे आतल्या कानाचा आजार. इथे मीठ आवरावं लागतं. दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. आपल्याकडे ते जड जातं, कारण भाजीतलं मीठ मोजतात आणि पापड, लोणचं, शेव-चिवडा सोडून देतात.

टक-टक, कट-कट, अनियमित: मधल्या कानातल्या किंवा टाळूच्या स्नायूंची थरथर. टाळूची असेल तर तोंड उघडून टॉर्चने बघितल्यावर दिसते, कधी बाजूच्या माणसालाही टकटक ऐकू येते.

स्वतःचा श्वास कानात घुमणं आणि आडवं झाल्यावर बरं वाटणं: युस्टेशियन नळी उघडी राहणं. झपाट्याने वजन घटलेल्यांत बघा.

धक-धक, नाडीशी जुळणारी: याला वेगळ्या रांगेत काढा.

आणि वयस्कर, कमी ऐकणाऱ्या माणसाला कानात भजन किंवा जुनी गाणी ऐकू येत असतील तर घरच्यांनी "डोकं फिरलं" म्हणून गप्प बसवू नये. ऐकणं कमी झाल्यावर मेंदू जुनं साठवलेलं वाजवतो. अनेकांना श्रवणयंत्राने आराम पडतो.

---

प्रतापनगर_१७

धागा हायजॅक करतेय, माफ करा. वहिनीला, वय २९, उजव्या कानात नाडीसारखी धकधक आहे, दोन महिने झाले. वजन जरा जास्त. डोकं दुखतं पण ते तिचं नेहमीचं. याला काहून वेगळी रांग?

---

धंतोली_ओपीडी

ताई, कारण या प्रकारात बरेचदा शोधून सापडेल असं कारण असतं, आणि काही कारणं थांबवून ठेवण्यासारखी नसतात.

आधी खात्री करा. तिने स्वतः कानातल्या ठोक्यासोबत बोटाने टेबलावर ताल धरायचा, तुम्ही त्याच वेळी तिच्या मनगटाची नाडी बघायची. दोन्ही जुळले तर ठोक्याचा प्रकार पक्का. मग बसल्या जागी उजव्या बाजूला, जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेवर दोन बोटांनी अगदी हलका दाब. आवाज थांबला किंवा पडला तर उगम शिरेचा असण्याची शक्यता मोठी. दाब हलकाच आणि एकाच बाजूला, आणि हा प्रयोग म्हाताऱ्या माणसावर किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यावर करू नका, तिथे धमनी असते.

तपासण्या: बीपी, हिमोग्लोबिन, टीएसएच. रक्त कमी असेल किंवा थायरॉइड वाढलेलं असेल तर रक्त जोरात वाहतं आणि ऐकू येतं. विदर्भात सिकलसेल आहेच, आधी झाली नसेल तर सोल्युबिलिटी टेस्ट त्याच रक्तात होऊन जाते.

तिच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचं म्हणजे डोळ्यांचा पडदा. तरुण बाई, वजन जास्त, डोकेदुखी, कानात धकधक, या चौकडीत कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते का, विचारा. येत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे याच आठवड्यात जा आणि डोळ्यांच्या नसेला सूज आहे का बघा. दुर्लक्ष झालं तर दृष्टी जाते. त्यानंतर एमआरआय आणि शिरांची व्हेनोग्राफी. कानाच्या पडद्यामागे लालसर काही दिसलं तर सीटी, तिथे ग्लोमस नावाची रक्ताळ गाठ असू शकते, आणि तिची बायोप्सी घ्यायची नसते.

नागपुरात मेडिकल, मेयो, एम्स, तिन्ही रुग्णालयांत ईएनटीची ओपीडी आहे. डोळ्यांची चिठ्ठी तिथूनच मिळेल.

---

विदर्भएक्सप्रेस

एवढं काय त्यात जी, बी१२ कमी असतं सगळ्यांचं. इंजेक्शनचा कोर्स घ्या, गिंको आणि झिंक सोबत. कान वाजणं बंद.

---

गांधीबाग_केमिस्ट

बी१२ तपासा, कमी निघालं तर जरूर भरून काढा, शाकाहारी घरांत ते बरेचदा कमी असतं. पण पातळी नीट असताना इंजेक्शनने शिट्टी जात नाही. गिंको, झिंक, मेलाटोनिन यांचं नाव घेऊन अमेरिकेतल्या ईएनटी संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत टिनिटससाठी देऊ नका असं लिहिलंय. शिवाय गिंको ॲस्पिरिनसोबत घेतलं तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि इथे बाबांना ॲस्पिरिन चालूच आहे.

आता मूळ प्रश्नातलं ॲस्पिरिन. ७५ मिलिग्रॅमने सहसा कान वाजत नाही. वाजतो तो दिवसाला काही ग्रॅम घेतल्यावर, आणि डोस उतरवला की बहुधा थांबतो. हृदयासाठी दिलेली गोळी मनाने बंद करू नका.

खरी काळजी घ्यायची ती या औषधांत: जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन ही इंजेक्शनं, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन, शिरेतून जोरात दिलेलं फ्युरोसेमाइड, मलेरियाचं क्विनाइन. क्विनाइनचा आवाज बहुधा उतरतो. अमिकासिन आणि सिस्प्लॅटिनने गेलेलं ऐकणं मात्र परत येत नाही, आणि सुरुवात ८००० च्याही वरच्या पट्टीतून होते, म्हणून नेहमीची ऑडिओमेट्री सुरुवातीला नॉर्मल दिसू शकते. कोर्स चालू असताना कान वाजायला लागला तर पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना सांगा. कोर्स संपायची वाट बघू नका.

लसणाचं तेल: नको. पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं, गरम असेल तर कातडी भाजते, आणि तेलकट, ओलसर कानात बुरशी धरते. बाबांचा दोष पडद्याच्या दोन पायऱ्या आत आहे, तेल तिथे पोचतच नाही.

मळ असेल तर गोष्ट वेगळी. मळाने दडा बसून आवाज येतो आणि मळ काढल्यावर तो जातोही. सोडा-ग्लिसरिनचे थेंब ४-५, दिवसातून तीनदा, तीन ते पाच दिवस, प्रत्येक वेळी कुशीवर ५ मिनिटं. पहिल्या दोन दिवसांत मळ फुगून कान आणखी बंद वाटतो, तिथेच लोक घाबरून काडी घालतात आणि मळ पडद्यावर ठासून बसतो. कान वाहण्याचा इतिहास असेल तर थेंबही विचारूनच. पिचकारी मारायची तर पाणी अंगाएवढंच कोमट, थंड पाण्याने गरगरतं.

---

हिंगणा_सेफ्टी

कारखान्याच्या बाजूने थोडं. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ८ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा आहे, पण कानासाठी ८५ धरावी. ८५ ला ८ तास, मग दर ३ डेसिबलला वेळ निम्मी: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, १०० ला फक्त १५ मिनिटं. मारबतीच्या किंवा विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपुढे १०० सहज ओलांडले जातात, हिशोब तुम्हीच करा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल उतरतात, पण गल्लीत भिंतींमुळे तेवढे उतरत नाहीत.

कापसाचा बोळा म्हणजे मनाचं समाधान. फोमचे प्लग घ्या आणि नीट घाला: स्वच्छ हातांनी वळून बारीक दोरीसारखा करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवून ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. समोरून बघणाऱ्याला प्लग बाहेर लोंबताना दिसला तर तो बसलेला नाही. पाकिटावर एनआरआर (प्लग किती डेसिबल कमी करतो तो आकडा) ३३ लिहिलेलं असलं तरी ३३ मिळत नाहीत. त्यातून ७ वजा करून उरलेल्याचे निम्मे धरतो, म्हणजे १३.

उलट बाजूही बघा. कान वाजतो म्हणून काही लोक घरातही दिवसभर प्लग घालून बसतात, स्टीलचं ताट आपटलं तरी त्रास होतो म्हणून. त्याने मेंदू आणखी कान टवकारतो आणि साधे आवाजही सोसेनासे होतात. प्लग फक्त गोंगाटात.

---

मानेवाडा_रिंगरोड

खूप आभार सगळ्यांचे. दोन गोष्टी राहिल्या. बाबा दात आवळले की शिट्टी वाढते म्हणतात. आणि खर्रा (सुपारी-तंबाखूचा) आहे, वर्षानुवर्षं. झोपेचं काय करायचं?

---

कानसेन

दात आवळून, जबडा पुढे काढून, मान हाताच्या विरुद्ध रेटून आवाज बदलत असेल तर त्यात जबडा-मानेचा वाटा आहे. जबडा आणि मानेच्या नसा मेंदूच्या देठात श्रवणाच्या केंद्राशी जुळलेल्या असतात. पण टिनिटस असलेल्या पुष्कळांमध्ये थोडा बदल होतोच, तेवढ्यावरून "जबड्यामुळेच" असं ठरवू नका. जबड्याच्या सांध्यात कटकट, सकाळी गाल दुखणं, दात घासले जाणं हे सोबत असेल तर दंतवैद्य आणि फिजिओ.

खर्रा मात्र गंभीरपणे घ्या. तासन् तास चघळल्याने सांधा थकतो, हे एक. दुसरं, सुपारीने तोंडातलं कातडं ताठर होतं, टाळूचे स्नायू आखडतात, आणि युस्टेशियन नळी उघडणारे स्नायू तेच. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का बघायला सांगा. जात नसतील तर तोंडाची तपासणी कानाच्या आधी.

झोपेसाठी: खोलीत पूर्ण शांतता ठेवू नका. थंडीत कूलर लावता येत नाही, तेव्हा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून एक नंबरवर, किंवा फोनवर पावसाचा आवाज लावून फोन उशापासून हातभर लांब. इयरफोन नको. पातळी महत्त्वाची: शिट्टी पूर्ण बुडवायची नाही, शिट्टी आणि पाऊस दोन्ही ऐकू येतील इतपत, शिट्टीच्या किंचित खाली. पूर्ण झाकलं तर मेंदूला तिची सवय होत नाही आणि बंद केल्यावर ती तशीच समोर येते. टाइमर लावू नका, रात्री तीनला आवाज बंद झाला की त्याच शांततेने जाग येते.

टीएचआय ही टिनिटसचा त्रास मोजणारी २५ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. हो ला ४, कधीकधी ला २, नाही ला ०. १६ पर्यंत नगण्य, १८ ते ३६ सौम्य, ३८ ते ५६ मध्यम, ५८ ते ७६ तीव्र, ७८ पासून पुढे अतितीव्र. आवाज किती मोठा यापेक्षा त्रास किती, ते यात कळतं. मॅचिंगमध्ये बहुतेकांची शिट्टी त्यांच्या ऐकण्याच्या उंबरठ्याहून जेमतेम ५ ते १० डेसिबल वर निघते आणि तरी झोप उडालेली असते. मध्यम किंवा वर आलं तर समुपदेशन, म्हणजे सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), याला सर्वांत भक्कम आधार आहे. आवाज त्याने जात नाही, त्याचा जाच उतरतो. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं.

---

धंतोली_ओपीडी

एक राहून गेलं आणि ते या धाग्यातलं सर्वांत तातडीचं आहे. बाबांना उद्या एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं आणि त्या कानात मोठा आवाज सुरू झाला, तर "मळ असेल" म्हणून बसू नका. तोंड मिटून "हं" असा लांब सूर काढायला सांगा. सूर बंद कानात घुमला तर मळ, सर्दी असं काही असू शकतं. चांगल्या कानात घुमला तर आतला कान गेल्याची शंका, त्याच दिवशी ईएनटी. तीन दिवसांच्या आत लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींना ३० डेसिबल घट झाली की त्याला अचानक आलेलं बहिरेपण म्हणतात. स्टेरॉइड जितकं लवकर तितकं बरं, दोन आठवड्यांनंतर फायदा झपाट्याने कमी होतो. शुगर असेल तर पडद्यातून थेट मधल्या कानात इंजेक्शन देता येतं.

---

मानेवाडा_रिंगरोड

समजलं. श्रवणयंत्राची ट्रायल घ्यायची ठरलीय. घेताना काय बघू?

---

कानसेन

बाबांचं खालच्या पट्टीतलं ऐकणं चांगलं आहे, म्हणून कानामागचं रिसीव्हर-इन-कॅनाल (स्पीकर कानाच्या नळीत असतो ते) आणि उघडा डोम (नळीत बसणारी छिद्रांची रबरी टोपी) मागा. बंद डोमने स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो आणि यंत्र कपाटात जातं. दोन्ही कानांना घ्या. फिटिंग करणाऱ्याला सांगा की टिनिटस आहे: एक्स्पान्शन (अगदी बारीक आवाज दाबणारी सेटिंग) बंद किंवा कमी आणि नॉइज रिडक्शन सौम्य ठेवा, म्हणजे खोलीतले बारीक आवाज, पंखा, रस्ता, कानात पोचतील. कंपनीची मूळ सेटिंग नेमके हेच आवाज कापते आणि मग "यंत्र लावलं तरी शिट्टी तशीच" अशी तक्रार येते. कानात बारीक नळी घालून प्रत्यक्ष किती आवाज पडद्याशी पोचतो ते मोजतात का, तेही विचारा. ट्रायल किमान दोन आठवडे, रोज ६-८ तास, फक्त टीव्हीपुरती नाही.

यंत्राआधी ऑडिओमेट्री पुन्हा करणार असतील तर आदल्या रात्रीपासून किमान १४ तास गोंगाट टाळा. लग्नसराई आहे. वरातीतून आलेल्या कानाचा उंबरठा तात्पुरता वर गेलेला असतो आणि यंत्र त्याच चुकीच्या आकड्यांवर बसवलं जातं.